वेळापत्रकातली धाकट्यांची ओळ

आमच्या शाळेत माझ्या दोन गोष्टींना कुणी हात लावत नाही, माझ्या डब्याला आणि माझ्या वेळापत्रकाला. डब्याचं एक वेळ मी चालवून घेईन, वेळापत्रकाचं नाही. बदली होऊन आलेल्या नव्या शिक्षकालाही पहिल्याच दिवशी कुणीतरी हे कानात सांगतं. बाईंचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असंही सांगतात. ते खोटं नाही.

शाळा पनवेलच्या बाहेरच्या अंगाला, पालिकेची, पाचवी ते आठवी. समोर उंच सोसायट्या आहेत. तिथली मुलं पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी शाळांत जातात आणि त्याच सोसायट्यांच्या वॉचमनची, ड्रायव्हरची, स्वयंपाकाच्या मावशींची मुलं आमच्याकडे येतात. काही कर्नाळ्याच्या बाजूच्या वाड्यांवरून एसटीने येतात. प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या, मैदान मात्र एक, प्रयोगशाळा एक आणि खेळाचे सरही एकच. एवढ्यात सगळ्यांना सगळं मिळायला हवं, शिवाय परिपाठ, बालसभा, वाचनाचा तास आणि शनिवारची सकाळची शाळा आहेच. लोक मे महिन्यात महाबळेश्वरला जातात. मी रिकाम्या शिक्षकखोलीत पंखा लावून पुढच्या वर्षाचं वेळापत्रक करते, आणि याहून मोठं सुख मला तरी माहीत नाही.

खोलीत खिडकीशेजारी प्लायवूडचा मोठा फळा आहे. त्यावर ओळीने खिळे ठोकलेत. प्रत्येक तुकडीची एक ओळ, प्रत्येक तासाचा एक खिळा. खिळ्यांवर अडकवायच्या चकत्या मी जुन्या लग्नपत्रिकांमधून कापते, कारण तसला पुठ्ठा विकत मिळत नाही आणि लग्नं काही थांबत नाहीत. प्रत्येक शिक्षकाचा एक रंग. हिंदीच्या सरांचा गुलाबी, खेळाच्या सरांचा लाल, माझा हिरवा. मी गणिताची. एक चकती हलली की दहा हलतात, म्हणून हात लावायचा नाही.

तर त्या वर्षी माझ्या सातवी अ मध्ये वाडीवरची एक मुलगी होती. सडपातळ, पायाने वाऱ्यासारखी, तोंडाने गप्प. वर्गात आली की पहिल्या बाकावर बसायची आणि फळ्याकडे असं बघायची की चुकीचं लिहायची मला भीती वाटावी. पण एक दिवस यायची आणि एक दिवस गायब. विचारलं तर मान खाली. वही तपासली तर सगळी पूर्ण! न आलेल्या दिवसांचीसुद्धा उदाहरणं सोडवलेली, आणि अक्षर दोन प्रकारचं. अर्ध्या पानांवर उभं, अर्ध्यांवर तिरकं.

"कुणाकडून लिहून घेतेस?" मी सगळ्या वर्गासमोर विचारलं. "फुकटची वही पुरी करून गणित येत नाही."

तिने वही मिटून दप्तरात ठेवली. मीही ते विसरून गेले.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, तिची गैरहजेरी विसरल्या नव्हत्या. गणपतीची सुट्टी संपली तशी त्यांनी मला हजेरीपट घेऊन बोलावलं. दिवाळी झाली की त्या वाडीवरची बरीच घरं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. जी पोर शाळेत रुजलेली असते, तिला आईबाप नातेवाइकांकडे मागे ठेवतात. अर्धवट येणारीला बरोबर नेतात, भट्टीवर तेवढेच दोन हात वाढतात. आणि सातवीतून भट्टीवर गेलेली मुलगी परत दप्तर घेऊन आलेली मी फार थोड्या वेळा पाहिली आहे.

"दिवाळीपर्यंत ती रोज यायला लागली, तर मी तिच्या आईला ठासून सांगू शकते की हिला मागे ठेव," मोठ्या बाई म्हणाल्या. "एक दिवसाआड येणाऱ्या मुलीसाठी काय तोंडाने सांगू?"

हजेरीपट घेऊन मी शिक्षकखोलीत आले आणि फळ्यासमोर उभी राहिले. तिची हजेरी सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी. कधी चूक नाही. मग माझी नजर सातवी अ च्या ओळीवरच्या लाल चकत्यांवर गेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार. खेळाचे तास!

मला अक्षरशः टाळी वाजवावीशी वाटली. ही पोर फक्त खोखोसाठी शाळेत येते. मैदान एकच असल्यामुळे अ चा खेळ या तीन दिवशी आणि ब चा उरलेल्या तीन दिवशी. मग उपाय तर माझ्याच हातात होता. खेळ रोज ठेवायचा, दोन्ही तुकड्यांना एकदम, तोही शेवटच्या तासाला, म्हणजे त्याच्या ओढीने ती दिवसभर बसेल.

हिशोब सोपा होता. प्रत्येक तासातून पाच मिनिटं कापायची, शेवटी खेळाला हवा तेवढा वेळ निघतो. पण शिक्षकांकडून पाच मिनिटं घेणं म्हणजे मारवाड्याच्या दुकानात घासाघीस करण्यासारखं. हिंदीचे सर म्हणाले, "बाई, माझी पाच मिनिटं म्हणजे एक कविता." मी म्हटलं, "सर, तुमची कविता पाच मिनिटांत कधी संपलीय?" विज्ञानाच्या बाईंना प्रयोगशाळेचा जोडतास हवा होता, तो मी दिला. खेळाचे सर आधी खूश झाले, मग सगळी शाळा एकदम मैदानात येणार हे लक्षात येऊन घाबरले. सगळ्या शिक्षकांनी मैदानात उतरायचं असं ठरवून मी त्यांना गप्प केलं. दोन दिवस फळ्यावर चकत्या नाचत होत्या आणि मी जेवायचंही विसरले.

सोमवारपासून नवं वेळापत्रक लागू झालं आणि शाळेचं रूपच पालटलं. शेवटच्या तासाची घंटा झाली की मुलं अशी सुटायची की जिने थरथरायचे. मोठ्या बाई लंगडीत पंच झाल्या. हिंदीचे सर पाचवीबरोबर विषामृत खेळताना पडले आणि उठून परत खेळले. डोक्यावरून नव्या विमानतळाकडे विमान गेलं की सगळा खेळ थांबून शंभर माना वर व्हायच्या. मी पदर खोचून रुमालपाणी खेळत होते. इतकं हसले होते मी शेवटचं केव्हा, आठवत नाही.

सोमवारी ती आली होती. खेळली. मंगळवारी आली नाही. बुधवारीही आली नाही. शुक्रवारी तर नाहीच, आणि पुढचा अख्खा आठवडा तिच्या नावापुढे गैरहजेरीच लागत गेली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एका मुलीसाठी सगळी शाळा उलटीपालटी केली आणि तिलाच त्याचं काही नाही! शनिवारी शाळा सकाळची असते. ती सुटल्यावर मी हिंदीच्या सरांना म्हटलं, "स्कूटर काढा. वाडीवर जायचंय." सरांना घरी जाऊन झोपायचं होतं, पण माझा चेहरा बघून त्यांनी निमूट हेल्मेट घातलं.

महामार्ग सोडून कच्च्या रस्त्याला लागलो. शेवटचा चढ स्कूटर ढकलत चढलो, म्हणजे सर ढकलत होते आणि मी मागून सूचना देत होते. वाडीत पहिल्याच घराच्या ओट्यावर ती बसली होती. मांडीवर तीनेक वर्षांचं एक पोर. तिच्याकडे पाठ करून दुसरी एक मुलगी बसली होती, तिच्याही मांडीवर तेवढंच एक पोर. दोघींचं भांडण झालंय हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"ही तर माझी!" हिंदीचे सर ओरडले. ते सातवी ब चे वर्गशिक्षक.

"तुमची म्हणजे?"

"माझ्या वर्गातली. हीसुद्धा एक दिवसाआडच यायची, आता तेवढीही नाही."

"आणि हे मला आत्ता सांगताय?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

मी सरांना पुढे काही बोलणार, तेवढ्यात माझी, म्हणजे माझ्या वर्गातली मुलगी उठून उभी राहिली. पोर कडेवर तसंच. "बाई, आत या ना. पानी देते."

"पाणी नको. तू शाळेत का येत नाहीस ते सांग. खेळ आवडतो म्हणून मी तुझ्यासाठी रोज खेळ ठेवला."

तिने एकदम माझ्याकडे बघितलं. जूनपासून पहिल्यांदा तिच्या तोंडून मी चार वाक्यं सलग ऐकली. "तेच तर बाई. तुमी वेलापत्रक बदललं आनि आमचं सगलं मोडलं. आमच्या आया टेम्पोनं उलव्याला जातात, बिल्डिंगच्या कामाला. या दोघांना कोन बघनार? मंग एक दिस मी शालेत, एक दिस ही. जी घरी, ती दोघांना बघते."

"मग ते सोमवार, बुधवार..."

"खेल बघून वार वाटले व्हते. माझा खेल सोमवार, बुधवार, शुक्रवार. हिचा बाकीचे दिस. कुनाचाच बुडत नवता." तिने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "आता रोज खेल. म्हंजे रोज एकीचा बुडनार."

पाठ करून बसलेली तशीच, मान न वळवता बोलली. "मी बोलले हिला, जा तूच रोज. मी जाईन भट्टीवर."

"आनि मी बोलले, तू नाय तर मी पन नाय," पहिली म्हणाली.

मी ओट्यावर बसले. विचारायचं धैर्य नव्हतं, तरी विचारलं. "आणि ती वही?"

"वही एकच हाय. जी जाते ती लिवते. सांजच्याला दुसरीला शिकवते."

उभं अक्षर एकीचं, तिरकं दुसरीचं. रोज संध्याकाळी ओट्यावर एक शाळा भरत होती, आणि मी हिला सगळ्या वर्गासमोर उतरवून काढणारी ठरवलं होतं. मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. वीस वर्षं वेळापत्रक करतेय म्हणून मिरवत होते. या दोघींनी दोन आया, दोन भावंडं, दोन तुकड्या, एक वही आणि खोखो असं सगळं सहा दिवसांत बसवलं होतं, कुणाचं काहीही न बुडवता. आणि मी एका फटक्यात ते उधळून दिलं होतं.

"माझं चुकलं," मी तिला म्हटलं. "वहीचंही आणि वेळापत्रकाचंही." ती लाजून हसली. हिंदीचे सर माझ्याकडे असे बघत होते, जसं काही सूर्य कर्नाळ्याच्या सुळक्यामागे न जाता पूर्वेलाच मावळतोय.

संध्याकाळी टेम्पो आला. दोघींच्या आया उतरल्या, केसांवर सिमेंटची धूळ. मी माझं सगळं भाषण त्यांना ऐकवलं. माझ्या मुलीच्या आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरींना शाला आवडते, ते दिसतं बाई. पन या बारक्याला काय खुंटीला बांधून जाऊ?"

उत्तर हिंदीच्या सरांनी दिलं. दुसरं पोर एव्हाना त्यांच्या मांडीवर चढून चष्मा ओढत होतं. "यांनाही शाळेत पाठवा," सर म्हणाले. "आमच्या आवारात अंगणवाडी आहे."

अंगणवाडीच्या ताई तयार झाल्या, पण त्या दोन वाजता कुलूप लावायच्या. आमची शाळा पाचला सुटते. दोन ते शेवटचा खेळाचा तास, यात रोज तीन तासिका उरत होत्या. मी परत फळ्यासमोर उभी राहिले, सर्वात खाली खिळ्यांची एक नवी ओळ ठोकली आणि तिच्या डाव्या बाजूला लिहिलं, 'धाकटे'. प्रत्येक शिक्षकाला आठवड्यात काही तास मोकळे मिळतात. त्या मोकळ्या तासांतला एकेक प्रत्येकाकडून मागून घेतला. या वेळी घासाघीस झाली नाही. मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, "उद्या साहेब तपासणीला आले तर?"

"तर साहेबांचाही एक तास लावू," मी म्हटलं. त्या हसल्या आणि स्वतःची निळी चकती घेऊन गुरुवारच्या सहाव्या तासाला अडकवायला निघाल्या. मी त्यांच्या हातातून घेऊन मीच अडकवली. नियम म्हणजे नियम.

मग शाळेत जी मजा सुरू झाली ती काय सांगू. विज्ञानाच्या बाई तपासायच्या वह्यांच्या गठ्ठ्यावर एकाला बसवून वह्या तपासायच्या. खेळाच्या सरांच्या खांद्यावर दुसरा बसला की उतरायचंच नाव घ्यायचा नाही. हिंदीच्या सरांच्या तासाला दोघं झोपायचे. "माझ्या कवितेचा गुण," सर अभिमानाने सांगायचे, आणि आम्ही म्हणायचो, तो आम्हालाही ठाऊक आहे. माझ्या वाट्याला बुधवारचा सातवा तास होता. मी त्यांना चकत्या मोजायला शिकवत होते. एकाने माझी हिरवी चकती खाल्ली.

आणि खोखो! सातवी ब ची, ओट्यावर पाठ करून बसलेली ती मुलगी शाळेत आली, माझी मुलगीही आली, आणि त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की इतके महिने एकाच शाळेत असूनही त्या दोघी शाळेच्या मैदानावर कधी एकत्र आल्याच नव्हत्या. एक ओळीत उकिडवी बसलेली, दुसरी पाठलाग करत आलेली. हिने तिच्या पाठीवर थाप मारून खो दिला, ती उठून सुटली आणि ही तिच्या जागी बसली.

खेळ संपल्यावर माझी मुलगी धापा टाकत माझ्याकडे आली. "बाई, आमी घरी पन हेच करत व्हतो. एक उठायची, एक बसायची." तिला ते गंमतीचं वाटत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी विमान बघायचं निमित्त केलं. विमान नव्हतंच.

दिवाळीच्या आधी मोठ्या बाई स्वतः वाडीवर जाऊन आल्या. आता त्यांच्याकडे सांगायला तोंड होतं. रोजची हजेरी होती. दोघींच्या आया ऐकत होत्या, मान हलवत होत्या, पण हो म्हणाल्या नाहीत. "बघू," एवढंच.

दिवाळीची सुट्टी संपली त्या सकाळी मी परिपाठाच्या बरीच आधी फाटकाशी जाऊन उभी राहिले. कुणी विचारलं तर सांगायला, म्हणून हातात फाटकाच्या किल्ल्या धरल्या होत्या. मोठ्या बाईही आल्या आणि उगाच कुंड्यांतली पानं वेचत बसल्या. एक एसटी आली आणि गेली. दुसरी आली. तिच्यातून सोसायटीत काम करणाऱ्या मावश्या उतरल्या, एक म्हातारे गृहस्थ उतरले, मग कुणीच नाही. कंडक्टरने घंटी दिली, आणि मग आतून आरडाओरडा झाला, गाडी परत थांबली आणि दोघी धडपडत खाली उतरल्या. झोपल्या होत्या म्हणे.

त्यांच्या कडेवर मात्र कुणी नव्हतं. धाकटे आयांबरोबर भट्टीवर गेले होते. दोघींना एकीच्या आत्याने ठेवून घेतलं होतं.

त्या दुपारी दोन वाजता हिंदीचे सर सवयीने अंगणवाडीपर्यंत गेले आणि कुलूप बघून परत आले. खुर्चीत बसून राहिले. फळ्यावरच्या धाकट्यांच्या ओळीतल्या चकत्या मी काढल्या नाहीत. कुणी काढा म्हणालंही नाही.

पावसाच्या तोंडावर भट्ट्या बंद झाल्या आणि मे महिन्याच्या शेवटी मी पुन्हा शिक्षकखोलीत पंखा लावून बसले. पण या वेळी एकटी नव्हते. वाडीवर निरोप धाडून दोघींना बोलावून घेतलं होतं. दोघी आठवीत गेल्या होत्या, आणि मी दोघींना एकाच तुकडीत टाकलं होतं. धाकटे दोघं परत आले होते, चांगलेच काळे आणि उंच होऊन. टेबलाखाली बसून ते लग्नपत्रिकांवरचे गणपती फाडत होते. हिंदीचे सर खरं तर सुट्टीवर होते. पण धाकट्यांसाठी बिस्किटांचा पुडा घेऊन ते सहज म्हणून आले होते.

मी दोघींसमोर चकत्यांचा डबा ठेवला. "आधी खालची ओळ लावा," मी म्हटलं. त्यांनी धाकट्यांची ओळ लावली. मग मी माझं सगळं वेळापत्रक चढवलं, मागे सरले आणि विचारलं, "बघा, कुणाचं काही बुडतंय का?"

दोघी खूप वेळ फळ्याकडे बघत राहिल्या. आपसात काहीतरी कुजबुजल्या. मग माझी मुलगी पुढे झाली. जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासावरची माझी हिरवी चकती तिने काढली. हिंदीच्या सरांच्या हातातलं बिस्कीट तसंच राहिलं.

"इथं गनित नको बाई," ती म्हणाली. "जेवल्यावर सगली पेंगतात. तुमी पन."

तिने ती सकाळच्या दुसऱ्या तासाला अडकवली आणि त्यापायी हलणाऱ्या बाकीच्या दहा चकत्या न विचारता एकेक करून योग्य जागी नेल्या. मी उभी राहून बघत होते. एकाही चकतीला मी हात लावला नाही.